दुसऱ्या बाटलीतलं रक्त

माझ्या नोकरीची बावीस वर्षं मी खाली मान घालून काढली. यात सुनेची शालीनता वगैरे काही नाही. मायक्रोस्कोपवर मान खाली घातल्याशिवाय काही दिसत नाही, इतकंच. मानेचं दुखणं तेवढं त्या वर्षांनी कायमचं देऊन ठेवलं. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. लॅबमधल्या बाईकडे सांगण्यासारखं काय असणार? डॉक्टरांना पेशंट आठवतात, आम्हाला बाटल्या. पण एक बाटली अशी आहे की ती अजून विसरता येत नाही. म्हटलं, तिच्याबद्दलच लिहावं. माणसांची नावं बदलली आहेत, आणि गावाचं नाव सांगणार नाही.

सुरुवात मी जळगावात केली, लग्नानंतर धुळ्याला आले. दोन्हीकडे काम एकच, रक्त-लघवी तपासणं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आज रक्ताची नळी मशीनला लावली की मिनिटभरात कागद बाहेर येतो. तेव्हा आमचं मशीन म्हणजे आमचे डोळे. त्यातही सगळ्यात डोळेफोडीचं काम प्लेटलेट मोजण्याचं. शरीरात कुठे जखम झाली, की धावत जाऊन तिथलं भोक बुजवणाऱ्या या बारीक पेशी. त्या कमी पडल्या तर वाहणारं रक्त लवकर थांबत नाही. निरोगी माणसात त्या दीड लाख ते चार लाख असतात, तेही एका थेंबाच्या इवल्याशा अंशात.

त्या मोजायच्या कशा, तर रक्तात एक औषधी पाणी घालायचं. त्याने तांबड्या पेशी फुटून जातात आणि प्लेटलेट उरतात. मग चौकटी आखलेल्या जाड काचेवर तो थेंब सोडायचा आणि काच ओल्या टिपकागदावर झाकून वीस मिनिटं ठेवून द्यायची. तेवढ्या वेळात प्लेटलेट तळाशी बसतात. मग मायक्रोस्कोपखाली एकेक चौकट मोजायची. दिसतात कशा? चकाकत्या ठिपक्यांसारख्या. धुळीचा कणही तसाच दिसतो, त्यामुळे नवशिकी पोरं धूळसुद्धा मोजून मोकळी होतात. मुरलेल्या माणसाची चूक मात्र उलटी होते. सुई नीट लागली नाही, बोट जोरात दाबलं, रक्त बाटलीत फार वेळ राहिलं, की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि आकडा खाली येतो. म्हणून आमच्यात असं धरून चालायचं, की कमी आकड्यावर संशय घ्यावा आणि चांगल्या आकड्यावर विश्वास ठेवावा. हा नियम लक्षात ठेवा, कारण मी त्याच्यावरच आपटले.

गरोदर बायकांत प्लेटलेट थोड्या कमी होणं तसं नेहमीचं. जळगावला धान्याच्या बाजारातल्या एका मारवाडी शेठजींच्या सुनेचा आठव्या महिन्यात पंचाण्णव हजार आकडा आला. घरातले पाच पुरुष एका रांगेत लॅबमध्ये येऊन उभे राहिले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की गरोदरपणात एवढं उतरतं, बाळंत झाली की आपोआप चढेल, काही करू नका. शेठजींना काही न करण्याचा सल्ला पटला नाही. सुनेला मुंबईला घेऊन गेले. तिथेही तोच सल्ला मिळाला. पुढे सून सुखरूप बाळंत झाली, शेठजी पेढे घेऊन आले आणि पेढा हातावर ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, मुंबईच्या मशीनने अठ्ठ्याण्णव हजार सांगितले. आमचे तीन हजार तुम्ही कुठे ठेवले?" ते थट्टा करत नव्हते, खरंच विचारत होते. मी म्हटलं, डोळ्यांनी मोजताना एवढं इकडेतिकडे होतंच. त्यांनी मान डोलावली, पण मला वाटतं ते तीन हजार त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेले नाहीत.

तर लाखाच्या आसपासचा आकडा काळजीचा नसतो. पण कधीतरी एखादी अशी येते की तिच्या काचेवर ठिपके शोधावे लागतात. पन्नास हजारांच्या खाली गेलं, की बाळंतपणात रक्त वाहायला लागलं तर थांबेल की नाही ही धास्ती असते. काही वेळा पोटातल्या बाळाच्याही प्लेटलेट कमी असतात. अशा दोन-चारच बायका माझ्या हाताखालून गेल्या. सुनंदा त्यांतली एक.

सुनंदा विशी-एकविशीची. सासर वरणगावकडचं, नवरा तिथल्या कारखान्यात कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून साक्रीच्या पुढच्या एका गावात आईवडिलांकडे आलेली. नववा सरत आला होता. वडील तिला धुळ्याला देसाई मॅडमना दाखवायला घेऊन आले. मॅडम बाळंतपणाच्या डॉक्टर, त्यांचा दवाखाना आमच्या लॅबच्या समोरच. वडिलांना गावात सगळे आबा म्हणत, मग मीही आबाच म्हणू लागले. सुनंदाच्या दंडावर एक निळा डाग होता आणि तो कशाने पडला हे तिला आठवत नव्हतं. तेवढ्यावरून मॅडमनी प्लेटलेट लिहून दिल्या.

रक्त मी स्वतः काढलं. आकडा आला चौतीस हजार. मी पुन्हा मोजलं, तेवढाच आला. मग तिच्या बोटाला टोचून थेट काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरवला, तो रंगवला आणि बघितला. गठ्ठे कुठे नव्हते. प्लेटलेट खरोखरच विरळ होत्या. शिवाय हिमोग्लोबिनही साडेआठ, म्हणजे अंगात रक्तही कमीच.

मॅडमनी आबांना बसवून सांगितलं, की रक्त कमी आहे, रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी आहेत, पोरीला बाळंतपणापर्यंत धुळ्यातच ठेवा. आबा म्हणाले, घरी विचारतो. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या आणि चार दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं. आबा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. बाहेर बाकावर सुनंदा पाय लांब करून बसली होती, चेहरा पार उतरलेला. साक्रीपर्यंतच पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा एसटीचा प्रवास, त्यात आमचे तेव्हाचे रस्ते. आबांनी हळूच विचारलं, पोरीच्या ऐवजी नुसतं रक्त आणलं तर चालेल का? शेजारच्या गावात एका डॉक्टरचा कंपाउंडर आहे, तो रक्त काढून देतो.

प्लेटलेटसाठी असं बाहेरून आलेलं रक्त घ्यायचं नाही, हे मला माहीत होतं. पण त्या पोरीला पुन्हा एवढ्या लांब बोलवायचं माझ्या जिवावर आलं. मी इंजेक्शनची रिकामी, धुऊन वाळवलेली बाटली काढली, रक्त गोठू नये म्हणून तिच्यात औषध घातलं, चिकटपट्टीवर सुनंदाचं नाव लिहिलं आणि आबांच्या हातात दिली. काढल्यावर हलवायची, उन्हात ठेवायची नाही आणि पहिल्या गाडीने घेऊन यायची, असं तीन-तीनदा बजावलं. रक्त कोणाचं काढायचं हे सांगायचं मात्र सुचलं नाही. ते काय सांगायची गोष्ट आहे?

चार दिवसांनी साडेअकराच्या सुमाराला आबा आले. बाटली ओल्या रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात, आणि खिशावर हात. मी लगेच कामाला लागले. मोजायला बसले तर चौकटी भरलेल्या. दोन लाख दहा हजार. दुसऱ्यांदा मोजलं, दोन लाख पाच हजार. काचपट्टी बघितली, तिच्यावरही प्लेटलेट भरपूर. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तीन तास बाटलीत राहिलेलं रक्त, म्हणजे आकडा झाला तर कमीच होणार. तरी एवढा चांगला आला, मग शंकेला जागाच कुठे?

देसाई मॅडमना जरा शंका आली. गोळ्यांनी आकडा चढतो, पण चार दिवसांत एवढा कसा चढला, असं त्यांनी विचारलं. आमचे लॅबचे डॉक्टर त्या आठवड्यात मुलीच्या लग्नासाठी परगावी होते, म्हणून सगळा भार माझ्यावर. मी म्हणाले, "मॅडम, पहिल्या वेळी माझीच चूक झाली असेल. सुई नीट लागली नसेल." मला चूक कबूल करायला जड जातं, घरी विचारा कोणालाही. त्या दिवशी मात्र मी न केलेली चूक आनंदाने कबूल केली, कारण ती पोर बरी असावी असं मला मनापासून वाटत होतं. माझ्या बावीस वर्षांतली सगळ्यात मोठी चूक ती.

मॅडमनी गोळ्या थांबवल्या. साक्रीतच बाळंतपण करायला हरकत नाही, असं सांगितलं. आबांचे डोळे भरून आले. जावयाकडच्या लोकांना पोरीला रक्ताचा आजार आहे असं कळलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बोलून दाखवलं. मला हात जोडून ते गाडी गाठायला गेले.

शनिवारी आमच्याकडे काचपट्ट्या धुण्याचा कार्यक्रम असे. काच महाग, टाकून देणं परवडत नसे. आठवड्याच्या सगळ्या पट्ट्या गोळा करून साबणाच्या पाण्यात सोडायच्या. मी त्या पाण्यात टाकत होते तेवढ्यात सुनंदाची पट्टी हाती आली, पेन्सिलीने नाव लिहिलेली. म्हटलं, आपली चूक कशी झाली होती ते तरी बघू. ती मायक्रोस्कोपखाली लावली. तिच्यात प्लेटलेट विरळच होत्या, आणि गठ्ठा एकही नव्हता. म्हणजे मी चुकले नव्हते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग दुसरी पट्टी लावली.

या वेळी मी प्लेटलेट बघितल्या नाहीत, सहज तांबड्या पेशींकडे नजर गेली. पहिल्या पट्टीवर त्या बारीक होत्या, मध्ये पांढुरक्या, ज्यांच्या अंगात लोह नाही अशांच्या असतात तशा. दुसऱ्या पट्टीवर त्या टपोऱ्या, भरलेल्या, लालचुटूक. मी दोन्ही पट्ट्या पुन्हा पुन्हा बदलून बघितल्या. प्लेटलेट गोळ्यांनी चार दिवसांत वाढू शकतात. पण अशक्त बाईच्या तांबड्या पेशी चार दिवसांत टपोऱ्या होत नाहीत, त्याला महिने लागतात. दुसऱ्या बाटलीतलं रक्त सुनंदाचं नव्हतं.

आधी वाटलं, आपल्याच हातून बाटल्या बदलल्या असतील. वही काढून बघितली. त्या दिवशी प्लेटलेटसाठी दुसरी बाटलीच आलेली नव्हती. म्हणजे रक्त तिकडूनच बदलून आलं होतं. आणि ती पोर तिथे कुठेतरी गोळ्या बंद करून, निर्धास्त बसलेली. दिवस भरत आलेले. कळा सुरू झाल्या असतील तर? मी ज्या रिपोर्टवर सही केली त्याच्याच भरवशावर तिला घरी ठेवलं होतं.

मी रस्ता ओलांडून मॅडमकडे गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "गावात फोन आहे?" नव्हता. "मग कोणीतरी जायला हवं," त्या म्हणाल्या. कोणीतरी म्हणजे मीच, हे त्यांनाही माहीत होतं. घरी निरोप ठेवला, पर्समध्ये सुई, बाटली आणि काचपट्ट्या टाकल्या आणि साडेदहाची साक्रीची एसटी धरली.

तो प्रवास मला अजून आठवतो. कुसुंबा आलं, नेर आलं, प्रत्येक थांब्यावर माणसं चढत होती, पोती चढत होती, कोंबड्या चढत होत्या, आणि कंडक्टर निवांत तिकिटं फाडत होता. मला त्याचा राग येत होता. मनात एकच हिशेब चालू होता, नववा कधी लागला, आज किती दिवस झाले. पोचेपर्यंत ती बाळंत झालेली असेल, खाटेखाली रक्त असेल, असं सारखं डोळ्यांपुढे येत होतं. साक्रीहून पुढे एका जीपच्या मागच्या पायरीवर उभी राहून गेले. दुपारी दीडच्या सुमाराला गावात उतरले आणि पहिल्या माणसालाच विचारलं, आबांच्या पोरीचं काय झालं? तो अहिराणीत म्हणाला, काय व्हई? घरमाच शे. म्हणजे घरीच आहे.

सुनंदा ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. मी पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. पाणी दिलं तिच्या धाकट्या बहिणीने, हिराने. अठरा पुरी झालेली, गालावर तेज असलेली पोर. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला सुईचा ताजा निळा डाग होता. मला कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

सुनंदाला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांच्या कडेला काळं रक्त साकळलेलं. मिसरी लावताना रक्त येतं, ती म्हणाली, पण गरोदरपणात येतंच म्हणतात ना. दंडावर आता एकाऐवजी चार डाग होते. तेवढ्यात आतून तिची आई आली, अक्का. उंच, काटक, बोलायला एकदम तयार. मी विचारलं, सुनंदाच्या नावावर हिराचं रक्त का दिलंत? मला वाटलं ती नाकारेल. ती मुळीच गडबडली नाही.

"जिनं रगतच कमी शे, तिनं आनखी कसं काढू देवानं?" अक्का म्हणाली. "मंग हिरीनं दिन्हं. दोन्ही एकच पोटन्या शेत. रगत बी एकच ना?"

जिच्या अंगात रक्तच कमी, तिचं आणखी कसं काढू द्यायचं, एवढाच तिचा हिशेब. मॅडमनी आबांना रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, आबांनी घरी तसंच सांगितलं, आणि अक्काने आईच्या मनाने त्यातून सरळ वाट काढली. लोकांना फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. आबा शेतात होते; हिराला कंपाउंडरकडे अक्काच घेऊन गेली होती, त्यामुळे त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. कंपाउंडरला चिठ्ठीवरचं नाव पुरेसं होतं, समोरची बाई गरोदर आहे की नाही हे त्याने बघितलंच नाही. आणि मी? पुस्तकी ज्ञान असलेली मी, मीदेखील हिराच्या तांबड्या पेशी डोळ्यांसमोर असून बघितल्या नव्हत्या. प्लेटलेट बघायला सांगितल्या, म्हणून तेवढ्याच बघितल्या. अक्कावर रागवायचा मला कुठला अधिकार?

तरी तिला सांगणं भाग होतं. मी म्हटलं, अक्का, एका पोटच्या असल्या तरी दोघींच्या अंगातलं रक्त वेगळं. त्या बाटलीवरून डॉक्टरांना वाटलं सुनंदा बरी आहे, म्हणून गोळ्या बंद केल्या. ती बरी नाही. ही इथे बाळंत झाली आणि रक्त वाहायला लागलं, तर थांबवायला इथे कोणी नाही. अक्काने सुनंदाच्या दंडावरचे डाग एकेक करून बघितले, जणू आजच दिसले. मग तिचा आवाजच बदलला.

"मन्हामुळे मरी जाती ती," ती म्हणाली.

"माझ्यामुळेही," मी म्हणाले. ते मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं.

आबांना शेतातून बोलावलं, जीप ठरवली, मागच्या बाकावर गोधड्या घातल्या. आबांनी एकदाच विचारलं, वरणगावला काय कळवू? मी म्हटलं, खरं ते कळवा, रक्त द्यायला जावयाची माणसं लागतील. तो रस्ता जाताना जितका लांब वाटला त्याच्या दुप्पट येताना वाटला. प्रत्येक खड्ड्याला मी सुनंदाच्या तोंडाकडे बघत होते. दिवस मावळायच्या आत तिला देसाई मॅडमच्या दवाखान्यात दाखल केलं. सगळ्यांसमोर तिच्या हातातून रक्त काढलं. सव्वीस हजार.

पुढच्या दोन दिवसांत मॅडमनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि रक्त देणाऱ्यांची जमवाजमव केली. वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट तेव्हा धुळ्यात मिळत नसत. बाटलीत साठवलेल्या रक्तात त्या जगत नाहीत, म्हणून ताजंच रक्त हवं, माणूस समोर झोपवून काढलेलं. वरणगावहून जावई त्याच्या कारखान्यातल्या तिघांना घेऊन आला. आबा ज्याला घाबरत होते तसं काही झालं नाही. जावई मला फक्त एवढंच म्हणाला, आधीच का नाही सांगितलं, मी तेव्हाच आलो असतो. त्याच्या त्या साध्या बोलण्याची मला फार लाज वाटली.

रक्तपेढीत सगळ्यांचे गट तपासले. सुनंदाचा बी पॉझिटिव्ह, जावयाच्या एका मित्राचा बी पॉझिटिव्ह, आणि हिराचाही. या खेपेला हिराचं रक्त हिराच्याच नावाने काढलं. मी चिठ्ठीवरचं नाव तिला दोनदा वाचून दाखवलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या आणि सकाळी दहाच्या सुमाराला सुनंदा बाळंत झाली. मुलगा. त्यानंतर जे व्हायचं भय होतं ते झालं, रक्त थांबेना. मी लॅबमध्ये बसले होते, समोरच्या दारातून नर्स धावत बाहेर येते आणि आत जाते एवढंच दिसत होतं. एक पिशवी चढली, दुसरी चढली. त्या दोन तासांत मी एकही काच नीट मोजू शकले नाही, सगळं काम बाजूला ठेवलं. दुपारी मॅडम स्वतः रस्ता ओलांडून आल्या, हातमोज्यांचे वळ हातावर तसेच. म्हणाल्या, थांबलं. आणि खुर्चीवर बसून त्यांनी माझ्या डब्यातली पोळी खाल्ली.

आमचे डॉक्टर लग्नाहून परतल्यावर त्यांना मी सगळं सांगितलं. लग्नाची मिठाई टेबलावर ठेवून ते दोन्ही पट्ट्या बराच वेळ बघत बसले. ते म्हणाले, जे विचारलंय तेवढंच बघू नका, काचेवर जे आहे ते सगळं बघा. तेव्हापासून मी दुसऱ्याने काढलेलं रक्त प्लेटलेटसाठी कधीच घेतलं नाही. आमदाराचा माणूस आला तरी नाही. पन्नास मैलांवरून आलेल्या माणसांना मी परत पाठवलं आहे, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, खडूस बाई म्हणून नाव कमावलं आहे. दोन-चार जणांचे हाल माझ्या त्या हट्टाने झालेही असतील. त्याचं वाईट वाटतं, पण नियम मोडला नाही.

पण त्या दुपारी सुनंदाचं रक्त थांबल्यावर एक काम उरलं होतं. आईच्या प्लेटलेट कमी, म्हणजे बाळाच्याही तपासायला हव्यात. त्याच्या कमी असल्या तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे मॅडमनी घरच्यांना सांगितलं होतं. मी सुई घेऊन समोर गेले. बाळ अक्काच्या मांडीवर होतं, दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेले. मला वाटलं, आता ही बाई एवढ्याशा जिवाला टोचू देणार नाही, आणि या खेपेला वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. अक्काने माझ्या हातातली सुई बघितली. मग तिने दुपट्याचं टोक बाजूला करून बाळाचा पाय बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"काढ वं ताई," ती म्हणाली. "हाऊ त्यानाच पाय शे, नीट दखी ले."

टाचेला टोचलं, बाळ रडलं, अक्काने पाय हलू दिला नाही. मी काच घेऊन लॅबमध्ये आले आणि ओल्या कागदावर झाकून ठेवली. ती वीस मिनिटं मी घड्याळाकडे बघत काढली. अक्का माझ्या मागोमाग रस्ता ओलांडून आली होती आणि दारात उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. मी एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं, मग काचपट्टी रंगवून तिच्यावरच्या सगळ्या पेशी बघितल्या, तांबड्या, पांढऱ्या, सगळ्या. एक लाख साठ हजार.

मान वर केली तेव्हा अक्का तिथेच होती. आकडा सांगून तिला काय कळणार, असा विचार मी करत होते, तेवढ्यात तिनेच विचारलं, "पुरं शे ना?"

"पुरं आहे, अक्का," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ती खाली बसली, दारातच, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही उठून तिच्याजवळ जाऊन बसले.